आयपी अ‍ॅड्रेस शोधताना: आतला कोणता, बाहेरचा कोणता

‘तुमचा आयपी सांगा’ असं कुणी म्हटलं की आधी उलट विचारायचं: कशासाठी? प्रिंटर जोडायला आलेल्या माणसाला आतला आयपी हवा असतो. वेबसाइटच्या सर्व्हरवर फक्त ठरावीक ठिकाणांहून प्रवेश देणारा होस्टिंगवाला मागतो तो बाहेरचा. दुकानातले कॅमेरे घरून बघायचे असतील तर दोन्ही लागतात, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आकडा शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कोणता आकडा कुणाला द्यायचा हे न कळल्यामुळे अर्धा दिवस जातो.

घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एकेक नंबर वाटतो: लॅपटॉप, फोन, टीव्ही, प्रिंटर सगळ्यांना. हा आतला पत्ता. इंटरनेट कंपनी राउटरला एक नंबर देते आणि घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला त्या एकाच नंबराने दिसतात. हा बाहेरचा पत्ता. चाळीतली खोली क्रमांक ७ चाळीच्या आत पुरेशी असते, पण पोस्टमनला नुसतं ‘खोली ७’ सांगून काय उपयोग? खोली ७ तर हजार चाळींत असते. तसंच १९२.१६८.१.५ हा पत्ता या घडीला लाखो घरांत कुठल्या ना कुठल्या यंत्राला मिळालेला असेल.

आकडा बघूनच ओळखा

आयपीव्ही-४ पत्ता म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ च्या मधला. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात आणि ते जगाला पुरत नाहीत. म्हणून काही गट फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९९६ साली ठरलेली ही वाटणी आजही तीच आहे. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते आतले. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे आतले. तिसरा गट १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत, आणि लोक फसतात ते इथेच. १७२ दिसला की आतला असं नाही. १७२.२० आतला आहे, १७२.२१७ मात्र बाहेरचा, तो गूगलच्या गटात येतो.

आणखी तीन ओळखीचे चेहरे लक्षात ठेवा. १२७.०.०.१ म्हणजे यंत्र स्वतःच. तो प्रत्येक संगणकावर असतो आणि कुणाला सांगून उपयोग नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे ‘राउटरने नंबर दिलाच नाही, म्हणून मी आपला एक लावून घेतला’ असं संगणक सांगतो आहे. आणि १००.६४ ते १००.१२७ हा गट इंटरनेट कंपन्या स्वतःच्या जाळ्यात वापरतात. त्याच्याकडे पुढे येऊ, कारण कॅमेरेवाल्यांची निम्मी डोकेदुखी तोच आहे.

विंडोजवर आतला पत्ता

इथे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे. की-बोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा, देवनागरी आकडे टाकलेला पत्ता ब्राउझरला कळत नाही.

विंडोजचं बटण दाबून ठेवून आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तीत सीएमडी (सी, एम, डी) लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडली की आयपीकॉन्फिग लिहा, सलग, मध्ये जागा न सोडता: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी. एंटर.

आता जे भरभर खाली येतं ते बघून नवखा माणूस गांगरतो, कारण एकाच संगणकावर चार-पाच तुकडे दिसतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक अ‍ॅडॉप्टर. इथरनेट म्हणजे केबलचा, वायरलेस लॅन म्हणजे वाय-फायचा. ज्याखाली ‘मीडिया डिसकनेक्टेड’ लिहिलंय तो सोडून द्या. व्हर्च्युअलबॉक्स टाकलेलं असेल तर १९२.१६८.५६.१ असा एक पत्ता दिसतो. ‘व्ही-इथरनेट’ नावाचा तुकडा विंडोजच्या आतल्या आभासी यंत्रांसाठी असतो. दोन्ही दिसायला अगदी खरे वाटतात आणि दोन्ही तुमच्या कामाचे नाहीत.

खरा तुकडा कसा ओळखायचा? ‘डिफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे आकडा भरलेला असेल तो तुकडा तुमचा. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचं दार, म्हणजेच राउटर. ज्या तुकड्याला दारच नाही त्यातून इंटरनेट येणार कुठून? जिओ फायबरच्या घरातल्या लॅपटॉपवर वाय-फायचा तुकडा साधारण असा वाचला जातो: ‘लिंक-लोकल आयपीव्ही-६ अ‍ॅड्रेस’ एफई८० ने सुरू होणारा लांबलचक, तो सोडा, ‘आयपीव्ही-४ अ‍ॅड्रेस’ १९२.१६८.२९.१०५, हाच तुमचा आतला पत्ता. ‘सबनेट मास्क’ २५५.२५५.२५५.०; आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ १९२.१६८.२९.१. गेटवेच्या पुढे बऱ्याचदा दोन ओळी असतात, वरची एफई८० वाली आणि खालची चार आकड्यांची. घाईत वरचीच ओळ उतरवून घेतली जाते. आपल्याला खालची हवी.

मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर अर्थ सोपा: पहिले तीन आकडे सारखे असलेली यंत्रं एकाच घरातली. लॅपटॉप १९२.१६८.२९.१०५ आणि प्रिंटर १९२.१६८.१.४० असेल तर ते एकमेकांना थेट बघू शकणार नाहीत, मग ड्रायव्हर कितीही वेळा टाका.

काळी खिडकी नको असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, आणि तिथे हार्डवेअर प्रॉपर्टीज. केबल असेल तर वाय-फायच्या जागी इथरनेटवर जा. बिचकत असाल तर हाच रस्ता धरा, इथे फक्त चालू जोडणीचा पत्ता दिसतो आणि बाकीचा पसारा नसतो.

गावोगावच्या केबलवाल्यांच्या ब्रॉडबँडमध्ये अजून एक प्रकार भेटतो. राउटर नसतो, केबल सरळ संगणकात येते आणि रोज ‘कनेक्ट’ दाबून युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो. अशा संगणकावर आयपीकॉन्फिगमध्ये ‘पीपीपी अ‍ॅडॉप्टर’ असा तुकडा दिसतो, मास्क २५५.२५५.२५५.२५५ आणि गेटवे ०.०.०.०. इथे वरचा गेटवेचा नियम लागू होत नाही. मास्क विचित्र वाटला तरी बिघाड नाही. कंपनी देते तो पत्ता इथे थेट संगणकालाच मिळालेला असतो.

मॅक, लिनक्स, फोन

मॅकवर ऑप्शन बटण दाबून ठेवून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, आयपी आणि राउटर दोन्ही तिथेच दिसतात. सावकाश जायचं असेल तर सिस्टिम सेटिंग्ज, वाय-फाय, जोडलेल्या नावासमोर डिटेल्स, आणि त्यात टीसीपी/आयपी.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये आयपी, मग रिकामी जागा, मग ए एवढंच लिहा. ‘आयनेट’ या शब्दापुढचा आकडा बघा, पण १२७.०.०.१ वाला नव्हे. त्याहून झटपट: होस्टनेम, जागा, वजाचं चिन्ह आणि कॅपिटल आय. छोटा आय लिहिलात तर वेगळंच उत्तर येतं आणि बऱ्याचदा ते १२७ चंच असतं. जुन्या पुस्तकांत आयएफकॉन्फिग ही आज्ञा दिलेली असते. नव्या उबंटूवर ती आधीपासून टाकलेली नसते, म्हणून ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर घाबरू नका.

आयफोनवर सेटिंग्ज, वाय-फाय, जोडलेल्या नावापुढचा गोलातला आय. अँड्रॉइडवर वाय-फायच्या यादीत जोडलेल्या नावापुढचं गिअर दाबलं की तपशिलात आयपी सापडतो. नाव आणि जागा कंपनीगणिक थोडी इकडेतिकडे होते. फोन मोबाइल डेटावर नाही, वाय-फायवरच आहे, एवढं आधी बघा.

फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर आकडे वेगळे दिसतील. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते वाटतो, विंडोजचा स्वतःचा हॉटस्पॉट १९२.१६८.१३७ ने सुरू होणारे. ऑफिसच्या प्रिंटरला शोधणारा लॅपटॉप असा पत्ता दाखवत असेल तर तो ऑफिसच्या वाय-फायवर नाहीच.

बाहेरचा पत्ता

हा संगणकाला स्वतःला माहीत नसतो. तो बाहेरच्या कुणालातरी विचारावा लागतो: ‘मी तुला कुठून आलेला दिसतो?’ म्हणून आयपीकॉन्फिगमध्ये तो शोधत बसण्यात अर्थ नाही, वरचा केबलवाल्याचा अपवाद सोडला तर.

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत एपीआय डॉट आयपीफाय (आय, पी, आय, एफ, वाय) डॉट ओआरजी टाका. कोऱ्या पानावर फक्त एक आकडा येतो, ना जाहिरात ना नकाशा. तोच तुमचा बाहेरचा आयपीव्ही-४ पत्ता. ‘व्हॉट इज माय आयपी’ असं सर्चमध्ये टाकूनही काम होतं, पण वर येणाऱ्या काही पानांवर ‘तुमचा पत्ता उघडा पडलाय’ असं लाल अक्षरांत लिहून व्हीपीएन (तुमची ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय) विकायला ठेवलेलं असतं. बाहेरचा पत्ता सगळ्याच वेबसाइटना दिसतो, दिसल्याशिवाय त्या उत्तर पाठवणार कुणाला? तिकडे लक्ष देऊ नका.

टर्मिनलवरून (विंडोजवर त्या काळ्या खिडकीतून) हवा असेल तर कर्ल (सी, यू, आर, एल), जागा, वजा ४, जागा, आयएफकॉन्फिग डॉट एमई. विंडोज १० आणि ११ मध्ये कर्ल आधीपासून असतं. पॉवरशेलमध्ये मात्र कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहा, कारण विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल हे दुसऱ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे. लिनक्सवर उत्तराच्या शेवटी नवी ओळ येत नाही, त्यामुळे आकडा आणि पुढचं तुमचं युजरनेम चिकटून दिसतं, २०३.०.११३.२५ ला लागूनच नाव. मॅकवर शेवटी टक्क्याचं चिन्ह दिसतं. कॉपी करताना ती शेपटी बरोबर जाऊ देऊ नका. (२०३.०.११३ हा गट उदाहरणांसाठीच राखलेला आहे. तो कुणाच्याही घरचा नाही.)

वजा ४ का लिहिलं? आता बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही-६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) ही असतं. वजा ४ नसेल तर उत्तरात कोलनने तोडलेला, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेला लांब पत्ता येऊ शकतो. जिओच्या जोडणीवर तो बहुधा २४०९ ने सुरू होतो. समोरच्याच्या फॉर्ममध्ये चार आकड्यांचीच जागा असेल तर तो तिथे बसणार नाही. आयपीव्ही-६ मध्ये आतला-बाहेरचा हा भेदच साधारणपणे उरत नाही, प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. विंडोज त्यातही ‘टेम्पररी’ असा एक पत्ता वापरतं आणि तो साधारण दिवसाला बदलतो. तेव्हा कुठे कायम नोंदवायला तो देऊ नका.

ब्राउझर एक आकडा दाखवतो आणि टर्मिनल दुसरा, असं झालं तर ब्राउझरमध्ये व्हीपीएनचं एक्स्टेन्शन चालू आहे का बघा. ते फक्त ब्राउझरची ये-जा वळवतं. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर बहुतेक वेळा दोन्हीकडे ऑफिसचाच पत्ता दिसेल. घरचा हवा असेल तर ते आधी बंद करा.

पत्त्यावरून जागा दाखवणारे नकाशे फार मनावर घेऊ नका. कोल्हापुरात बसलेल्या माणसाला ते मुंबई दाखवतात, कारण कंपनीने तो गट मुंबईच्या नावावर नोंदवलेला असतो.

बाहेरचा पत्ता खरंच तुमचा आहे का?

ही तपासणी बहुतेक लेखांत नसते, आणि कॅमेरे किंवा घरचा सर्व्हर बाहेरून उघडायचा असेल तर याच्याशिवाय पुढे जाऊच नये.

मगाशी सापडलेला डिफॉल्ट गेटवे ब्राउझरच्या पट्टीत टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.२९.१ किंवा १९२.१६८.१.१. राउटरचं पान उघडेल. पासवर्ड बहुधा राउटरच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर असतो. आत स्टेटस, इंटरनेट किंवा वॅन (डब्ल्यू, ए, एन) असं लिहिलेल्या ठिकाणी एक आयपी दिसतो. हा कागदावर लिहा. शेजारी आयपीफायने दाखवलेला लिहा.

दोन्ही सारखे? उत्तम, पत्ता तुमच्या राउटरचाच आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवणं, करता येईल.

वेगळे असतील तर राउटरचा आकडा कोणत्या गटातला ते बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिला आहे. याला सीजीनॅट म्हणतात. हा गट त्यासाठीच २०१२ साली वेगळा काढला. आशिया-पॅसिफिक विभागातले आयपीव्ही-४ पत्ते एप्रिल २०११ मध्येच तळाला गेले होते, त्यामुळे कंपन्यांचाही इलाज नाही. काही कंपन्या यासाठी १० वाला गटही वापरतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत येणार नाही, कारण त्याच्याही वरच्या दाराची किल्ली कंपनीकडे आहे. डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय) लावून हे सुटत नाही, हे कॅमेरे बसवणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि गिऱ्हाइकाकडून त्याचे पैसे मात्र जातात. उपाय दोनच सरळ आहेत: कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा बाहेरचा पत्ता) घ्या, नाहीतर डीव्हीआरमधली (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीतली) पी२पी किंवा क्लाउड सोय वापरा. त्यात डीव्हीआर आतून बाहेर जोडणी करतो आणि बाहेरच्या पत्त्याची गरजच पडत नाही. घरी बसून चार कॅमेरे बघायला दुसरा उपाय पुरतो.

राउटरचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा कंपनीच्या पेटीमागे तुम्ही स्वतःचा राउटर लावला आहे आणि दोन्ही राउटरचं काम करताहेत. कंपनीची पेटी ब्रिज मोडवर टाकून घ्या (म्हणजे ती राउटरचं काम सोडून नुसती जोडणी पुढे देते), किंवा स्वतःचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर न्या (मग तो नुसतं वाय-फाय पुरवतो). दुसरा मार्ग सोपा, त्याला कंपनीला फोन करावा लागत नाही. तसं केलं की कंपनीच्या पेटीचं पान उघडून ही तपासणी पुन्हा करा.

पत्ता बदलतो तेव्हा

वीज गेली, परत आली, आणि कालपर्यंत चालणारा प्रिंटर ‘ऑफलाइन’. प्रिंटर बिघडलेला नसतो. राउटर नव्याने चालू झाला, त्याने पत्ते नव्याने वाटले, आणि कालचा ४० नंबर आज टीव्हीला गेला. संगणक मात्र ४० लाच कागद पाठवतो आहे.

यावर पक्का उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवणं. त्यासाठी मॅक अ‍ॅड्रेस लागतो (याचा अ‍ॅपलशी संबंध नाही). तो दोन-दोनच्या सहा जोड्यांचा, आकडे आणि ए ते एफ अक्षरांचा असतो. प्रिंटरच्या मेन्यूमधून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापलं की त्यावर मिळतो. संगणकाचा हवा असेल तर आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ (स्लॅश, बॅकस्लॅश नव्हे) आणि ऑल. ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ ही ओळ बघा, पण ज्या अ‍ॅडॉप्टरवर काम करता त्याचीच. केबल आणि वाय-फाय यांचे मॅक वेगळे असतात. मग राउटरच्या पानावर डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) विभागात अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन किंवा आयपी-मॅक बाइंडिंग असं काही असेल, तिथे मॅक आणि हवा तो पत्ता भरा, प्रिंटर बंद करून चालू करा. फोनसाठी करत असाल तर त्या वाय-फायपुरता ‘रँडम मॅक’ किंवा ‘प्रायव्हेट अ‍ॅड्रेस’ आधी बंद करा, नाहीतर राउटर त्याला ओळखणार नाही.

प्रिंटरमध्येच हाताने पत्ता घालायचा असेल तर राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा घ्या. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्रिंटरला ५० द्या. पट्ट्यातलाच दिला तर कधीतरी तोच नंबर राउटर दुसऱ्याला देतो आणि दोघंही आलटूनपालटून बंद पडतात. विंडोजवर अशा वेळी आयपीकॉन्फिग ऑलमध्ये पत्त्यापुढे कंसात ‘डुप्लिकेट’ लिहिलेलं सापडतं.

१६९.२५४ दिसला तर क्रमाने जा. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का आणि ती बसते त्या खाचेचा दिवा लागतो का ते बघा. मग आयपीकॉन्फिग तिरकी रेघ रिलीज, आणि त्यानंतर आयपीकॉन्फिग तिरकी रेघ रिन्यू. तरी तोच आकडा आला तर राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करा. दुसऱ्या यंत्रांनाही तेच होत असेल तर राउटरमधलं डीएचसीपी कुणीतरी बंद केलं आहे, किंवा वाटायचे पत्ते संपले आहेत. क्लास किंवा कॅफेत पन्नास फोन येतात आणि पट्टा तीसचाच असतो, तेव्हा हेच घडतं.

पत्ते बरोबर, पहिले तीन आकडेही सारखे, तरी यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत? गेस्ट वाय-फायवर जोडलेली यंत्रं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. आणि विंडोजवर जोडणी ‘पब्लिक’ ठरवलेली असेल तर फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा विंडोजचा पहारेकरी) साध्या पिंगलाही (‘आहेस का?’ या हाकेलाही) उत्तर देत नाही. घरच्या किंवा दुकानाच्या स्वतःच्या जोडणीवर ती ‘प्रायव्हेट’ करा. स्टेशनच्या आणि हॉटेलच्या वाय-फायवर पब्लिकच राहू द्या.